सोंग, वारे आणि परलोकीचे पात्र : भूमिकाखेळातील मानवेतर वंशाचा एक विचार

बार्शीहून सोलापूरकडे जाताना लागणारे वैराग हे गाव दोन मोठ्या क्षेत्रांच्या ओढीत वसलेले आहे. पूर्वेस तुळजापूर, नैर्ऋत्येस पंढरपूर. एरवी ही गोष्ट स्थलवर्णनापुरती नोंदवून सोडून देता आली असती. परंतु मानवेतर सत्तेला माणसाने आपला देह आणि आपली वाणी कशी द्यावी, या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे मराठी लोकपरंपरेने दिली आहेत आणि ती या दोन क्षेत्रांच्या उपासनांत ठसठशीतपणे दिसतात. भवानीच्या उपासनेत देवीचे वारे अंगात येते. वारकरी परंपरेच्या भारुडात सोंग घेतले जाते. दोन्ही ठिकाणी माणूस क्षणकाल माणूस राहत नाही, तरीही या दोन अवस्था एक नव्हेत.

संबळाच्या तालावर घुमू लागलेली आराधीण जे बोलते ते तिचे बोलणे मानले जात नाही. गळ्यात कवड्यांची माळ, हातात पोत, आणि मुखातून येते ती देवीची आज्ञा. भानावर आल्यानंतर त्या शब्दांचा जाब तिला कोणी विचारत नाही. भारुडकाराची गोष्ट उलट आहे. लुगडे नेसून तो विंचू चावल्याचा आकांत मांडतो तेव्हा तो कोणाचा कोण हे समोरच्या प्रत्येकाला ठाऊक असते, आपल्याला ओळखले गेले आहे हे त्यालाही ठाऊक असते, आणि पुढच्या क्षणी त्याच वेषात तो निरूपण करू लागतो. वाऱ्यात उत्तरदायित्व देवतेकडे जाते, तर सोंगात ते सोंग घेणाऱ्याकडेच राहते. हा भेद एका सर्वस्वी वेगळ्या, पाश्चात्त्य क्रीडाप्रकाराच्या संदर्भात तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा क्रीडाप्रकार म्हणजे मेजाभोवती बसून खेळावयाचा अद्भुतकथात्मक भूमिकाखेळ. त्याचा पहिला प्रसिद्ध नमुना ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. चारपाच खेळाडू प्रत्येकी एक पात्र घेतात. एक जण सूत्रधार होऊन जगाचे, प्रसंगांचे व उरलेल्या सर्व पात्रांचे निवेदन करतो. कृतीचे यशापयश अनेक पैलूंच्या फाशांवर ठरते. नेपथ्य नसते, रंगभूषा नसते, प्रेक्षकही नसतो, कारण खेळणारे तेच ऐकणारे असतात. जे उभे राहते ते केवळ बोलण्यातून. नाट्यशास्त्राची परिभाषा वापरावयाची तर आहार्य अभिनय येथे जवळजवळ शून्य असून वाचिक अभिनयावर सर्व भार आहे.

पात्र निवडताना खेळाडूला त्याचा वंशही निवडावा लागतो. मनुष्य, खुजा, एल्फ हे नेहमीचे वंश होत. परंतु पहिल्याच नियमपुस्तिकेने खेळाडूस जवळजवळ काहीही होण्याची मुभा दिली होती. ड्रॅगन व्हावयाचे असल्यास तेही चालेल, मात्र त्याने लहान व दुबळ्या अवस्थेपासून प्रारंभ करून वाढत जावे, एवढीच अट होती. ही अट वरवर हिशेबी वाटते, पण तिच्यात मर्म आहे. ज्याला काही कमी नाही त्याला कथा नाही. पाच वर्षांनी, १९७९ मधील सूत्रधारासाठीच्या ग्रंथात, गायगॅक्स यांनी हा हात आखडता घेतलेला दिसतो. राक्षसी पात्र मागणाऱ्यास बहुधा इतरांवर वरचष्मा हवा असतो, आणि माणसाला कल्पनेचा आधार म्हणून माणूसच लागतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. पुढे १९९४ साली ‘प्लेनस्केप’ या जगाच्या रचनेने हे दार पुन्हा उघडले. ज्याच्या कुळात कधीकाळी अधोलोकातील सत्तेचा अंश मिसळला तो ‘टायफ्लिंग’, आणि दास्यातून सुटून परलोकात वस्ती केलेला ‘गिथझेराई’, हे वंश खेळाडूंना उपलब्ध झाले. २००८ पासून टायफ्लिंग मुख्य नियमग्रंथातच आला.

अशी पात्रे वठवताना दोन प्रकारची अपयशे संभवतात. पहिले सौम्य आहे. पात्राला शिंगे आणि शेपूट असते, पण ते बोलते, रागावते आणि हिशेब करते ते खेळाडूसारखेच. त्यास मुखवटा म्हणता येईल, सोंग नव्हे. दुसरे अपयश अधिक विचारार्ह आहे. खेळाडू सहकाऱ्यांचा विश्वासघात करतो, मेजावरची मजा मोडतो, आणि कोणी विचारलेच तर म्हणतो : मी काय करणार, माझ्या पात्राचा वंशच तसा. हा सोंगाने केलेला वाऱ्याचा दावा होय. आराधिणीच्या बाबतीत जी निरुत्तरता श्रद्धेने दिलेली असते ती येथे श्रद्धेवाचून मागितली जाते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी १९८३ मधील आपल्या अभ्यासात या खेळातील माणूस एकाच वेळी तीन चौकटींत वावरतो असे दाखविले : व्यक्ती, खेळाडू आणि पात्र. वरील सबब म्हणजे पात्राच्या चौकटीत दडून बाकीच्या दोन चौकटी नाकारणे. फाइन यांची मांडणी उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु मराठीच्या अभ्यासकाला तिच्याकडे वळण्यापूर्वी आपल्याच भाषेतील क्रियापदांकडे पाहता येईल. सोंग ‘घेतात’, सोंग ‘आणतात’, सोंग ‘वठवतात’, उत्सवात सोंग ‘काढतात’, आणि अखेर ते ‘उतरवतात’. या प्रत्येक क्रियेला मानवी कर्ता आहे. वारे मात्र ‘येते’. तेथे कर्ता वारे हाच असतो आणि माणूस हे केवळ अधिकरण. सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण व्यवहारातील असली तरी तिच्यातही हेच गृहीत आहे की सोंगाला मर्यादा असते आणि ती सोंग आणणाऱ्याला ठाऊक असावी लागते.

मानवेतराचे सोंग वठते कसे, याचे सर्वांत सूक्ष्म उत्तर संत एकनाथांच्या भारुडांत सापडते. एकनाथांनी (१५३३–१५९९) जोशी, गोंधळी, महार, वासुदेव अशी अनेक मानवी सोंगे घेतली. त्याचबरोबर भूत आणि विंचू हेही विषय केले. या दोन भारुडांत एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. विंचू स्वतः बोलत नाही. बोलतो तो विंचू चावलेला. भूतही बोलत नाही. भुताने झडपलेली बाई दुसरीला आपली दशा सांगते. लिंबू, नारळ, कोंबडा हे सारे उतारे करून झाले, आणि भूत हटत नाही. मग कळते की हेच भूत ध्रुवाला लागले होते व त्यापायी तो अरण्यात उभा राहिला. नारदालाही ते लागले आणि त्याला साठ पोरे झाली. भूत म्हणजे सर्वांठायी भरलेला देव, हा अर्थ शेवटी उलगडतो. परंतु तो उलगडेपर्यंत श्रोत्याला त्या सत्तेचे रूप, रंग, आवाज यांपैकी काहीही मिळालेले नसते. मिळालेला असतो तो तिचा माणसावर झालेला परिणाम.

हे तंत्र भूमिकाखेळातील मानवेतर पात्राला तंतोतंत लागू पडते. परलोकीचा प्राणी कसा दिसतो हे सांगून तो परका होत नाही. त्याच्या येण्याने भोवतालच्या साध्या गोष्टींचे काय होते, यावर त्याचे परकेपण अवलंबून आहे. वैरागसारख्या गावच्या आठवडी बाजारात टायफ्लिंग आला अशी कल्पना करावी. त्याच्या शिंगांचे वर्णन एका वाक्यात संपते. पण ज्याच्या रक्तात करारमदाराने बांधलेल्या अधोलोकाचा अंश आहे, त्याला घासाघीस समजत नाही, असे खेळाडूने ठरवले तर? विक्रेतीने सांगितलेला पहिला भाव तो वचन मानतो आणि तो कमी करावयास निघालेल्या सोबत्याकडे भयाने पाहतो. एवढ्या एका अडचणीतून पात्र उभे राहते. शिवाय ती अडचण सोबत्यांना खेळावयास काही देते, त्यांच्याकडून काही हिरावून घेत नाही. पहिल्या नियमपुस्तिकेतील दुबळ्या ड्रॅगनची अट येथे पुन्हा आठवावी.

दुसरे तंत्र कोकणातील दशावताराचे आहे. तेथे मानवेतर पात्र बोलते, आणि भरपूर बोलते. ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा संकासुर आडदशावतारात काळ्या वेषात, डोक्यापासून चेहऱ्यावर उतरलेल्या काळ्या टोपासह येतो. त्याने संस्कृतप्रचुर गर्जना कराव्यात अशी अपेक्षा असेल तर ती फोल ठरते. तो अस्सल मालवणीत थट्टा करतो. पौराणिक नाटकांनी व पुढे दूरदर्शन मालिकांनी देवदानवांसाठी जी घडीव मराठी रूढ केली, तिच्यापेक्षा ही रीत कितीतरी सरस आहे. परकेपणा दाखविण्यासाठी भाषा वर उचलण्याऐवजी ती गावाच्या पातळीवर आणली की देह आणि वाणी यांतील विसंगती स्वतःच अद्भुताचे काम करते. मराठी बोलणारा खेळाडू टायफ्लिंगच्या तोंडी ‘हे मर्त्य मानवा’ घालतो तेव्हा तो या संपत्तीकडे पाठ फिरवत असतो. (जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्यात सोंगे मुखवटे लावून नाचतात आणि भार पदन्यासावर असतो. तो वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे.)

संकासुराच्या निमित्ताने आणखी एक प्रश्न उपस्थित होतो आणि तो केवळ तंत्राचा नाही. पुराणाच्या दृष्टीने हा असुर वध्य आहे. पण रत्नागिरीकडील शिमग्यात तोच घरोघर येतो, लोक त्याच्या पाया पडतात, त्याला नवस बोलतात. तुळजापूरची भवानी महिषासुरमर्दिनी आहे, आणि महाराष्ट्रात बांधाबांधावर म्हसोबाला शेंदूर लागतो. या म्हसोबाचा महिषासुराशी असलेला संबंध दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात चर्चिला आहे. वामनाने पाताळात घातलेल्या बळीचे राज्य येवो, ही प्रार्थना दिवाळीत घरातील स्त्रियाच करतात. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) याच्या पुढचे पाऊल टाकले. दैत्य व राक्षस ही जिंकल्या गेलेल्या मूळ रहिवाशांना जेत्यांनी दिलेली नावे आहेत, आणि राक्षस म्हणजे मुळात रक्षण करणारे, असे त्यांनी मांडले. व्युत्पत्तीविषयी मतभेद होतील. परंतु ‘वंशच दुष्ट’ हे विधान कोण कोणाविषयी करतो, हा त्यांचा प्रश्न टाळता येत नाही.

भूमिकाखेळाला हा प्रश्न बऱ्याच उशिरा भेटला. संपूर्ण वंशच्या वंश जन्मतः दुष्ट ठरविणाऱ्या जुन्या नियमांवर टीका होत गेली आणि २०२४ च्या सुधारित नियमग्रंथात ‘वंश’ या अर्थाचा इंग्रजी शब्द काढून ‘जीवजाती’ या अर्थाचा शब्द योजण्यात आला. शब्द बदलल्याने फार काही साधते असे वाटत नाही. जात हा शब्द मराठीत तर अधिकच जड आहे. एकनाथांनी महाराच्या मुखातून भारुडे रचली तेव्हा त्यांनी त्या मुखाला ब्राह्मणाशी वाद घालण्याचे व त्यास निरुत्तर करण्याचे सामर्थ्य दिले. त्याच वेळी ते मुख उसनेच राहिले, हेही खरे. दुसऱ्याचे सोंग घेणारा त्या दुसऱ्याला काय देतो आणि त्याच्याकडून काय घेतो, हा हिशेब शिंगे असलेल्या पात्राच्या बाबतीत काल्पनिक म्हणून सोडून देता येईल असे वाटते. परंतु टायफ्लिंगच्या खेळाडूने पूर्वजाच्या पापामुळे गावाबाहेर उभ्या केलेल्या माणसाची भूमिका घेतलेली असते, आणि हे गावाबाहेर उभे राहणे मराठी मेजावर कोणालाही काल्पनिक वाटण्याचे कारण नाही. येथे ‘माझा वंशच तसा’ ही सबब दुहेरी सदोष ठरते. खेळाडू तिच्यामागे लपतो, आणि ज्याला त्याने वाणी द्यावयाची त्याच्याविरुद्ध गावाने केलेला आरोप स्वतःच मान्य करतो.

भारुडाला या ठिकाणी एक सोय आहे जी खेळाला नाही. भारुडकार सोंग न उतरवता निरूपणाकडे वळू शकतो. लुगड्यातच उभा राहून तो चावलेल्या विंचवाचा अर्थ काम-क्रोध असा सांगतो व सत्त्वगुणाचा उतारा सुचवतो. मेजाभोवती असा निरूपणकार कोणी नसतो. तेथे फासे डब्यात जातात, सूत्रधार आपली वही मिटतो, आणि आजच्या डावात आपण असे का वागलो, याची चर्चा चहा येईपर्यंत चालते. ती चर्चा टाळणारा खेळाडू पुढच्या डावाला पुन्हा तीच शिंगे लावून येतो.