नाकाचा वाकडा पडदा व जुनाट सायनस

“नाकाचे हाड वाढले आहे, ऑपरेशन केव्हा करता?” जोगेश्वरी परिसरातून आमच्या कान-नाक-घसा विभागात येणारे रुग्ण पुष्कळदा याच प्रश्नाने सुरुवात करतात. वस्तुतः हाड वाढलेले नसते. दोन नाकपुड्यांमधील पडदा पुढे कूर्चेचा व मागे हाडाचा असतो. तो जन्मतः, वाढीच्या वयात वा मार लागून एका बाजूस झुकतो. अगदी सरळ पडद्याची माणसे थोडीच, आणि बहुतेकांना त्याचा त्रास नसतो.

गाल, कपाळ व डोळ्यांमधील पुढच्या पोकळ्यांतील स्राव नाकाच्या बाजूच्या भिंतीवरील एका अरुंद वाटेने बाहेर येतो. पडद्याचा बाक नेमकी ती वाट दाबत असेल, तर स्राव साचून दाह रेंगाळू शकतो. तसे नसेल तर अ‍ॅलर्जी, पॉलिप, धूळ, धूर यांचा शोध घ्यावा लागतो. द्रुतगती महामार्गालगत राहणाऱ्यांस धुळीविषयी वेगळे सांगावयास नको. कधी वरची किडकी दाढही कारण निघते.

त्रास १२ आठवड्यांहून अधिक टिकला, तर आम्ही दुर्बिणीने नाक तपासतो. मिठाच्या पाण्याने नाक धुणे (जलनेती याच जातीची, पाणी मात्र उकळून गार केलेलेच) व स्टेरॉइडचा फवारा हे प्रथम. गुण न आल्यास सीटी स्कॅन. पडदा सरळ केल्याने श्वास मोकळा होतो. दाह तेवढ्याने जाईलच, असे आश्वासन आम्ही देत नाही. पैशांची जुळवाजुळव करून आलेल्या कुटुंबास हे सांगणे जड जाते, तरी शस्त्रक्रियेपूर्वीच सांगतो. फवारा पुष्कळांना त्यानंतरही चालू ठेवावा लागतो.