उतारवयातील धाप : कारणे व उपाय

गोमंतकातील अनेक देवळांच्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या चढताना वयोवृद्ध माणसे मध्येच टेकलेली दिसतात. कोणाला विहिरीवरून कळशी आणताना धाप लागते, तर कोणाला भजनातील एक ओळ एका श्वासात निभत नाही. ‘आता वय झाले, असे व्हायचेच,’ असे घरातील मंडळी म्हणतात आणि आजी मुकाट्याने देवळात जाणे सोडते. वयोमानाप्रमाणे फुप्फुसांची लवचीकता व स्नायूंचे बळ कमी होते, हे खरे. परंतु गेल्या वर्षी सहज होणारे काम यंदा अशक्य व्हावे, इतका बदल केवळ वयामुळे होत नाही. त्यामागे बहुधा आजार असतो आणि अशा पुष्कळ आजारांवर उपचार उपलब्ध आहेत.

धाप का लागते?

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या, तसेच अनेक वर्षे चुलीपुढे बसून लाकडे व करवंट्यांचा धूर घेतलेल्या स्त्रियांच्या श्वासनलिका अरुंद होतात. हृदय दुर्बल झाल्यास पाय सुजतात व रात्री आडवे होताच जीव घाबरा होतो. रक्तक्षय हे तिसरे कारण होय. रक्तातील हिमोग्लोबिन पुरुषांत १३ व स्त्रियांत १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजावा. उतारवयात मूळव्याध किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या अतिसेवनामुळे पोटात होणारा सूक्ष्म रक्तस्राव त्याच्या मुळाशी असू शकतो. म्हणून दुकानातून शक्तिवर्धक औषधाची बाटली आणून स्वस्थ बसू नये. रक्ताची तपासणी, छातीचे क्ष-किरण चित्र आणि हृदयाचा आलेख यांवरून डॉक्टरांना कारणाचा माग लागतो.

विश्रांतीचा अतिरेक

धाप लागते म्हणून माणूस हालचाल टाळतो. हालचाल थांबली की पायांचे स्नायू क्षीण होतात आणि क्षीण स्नायूंना थोड्या कामालाही अधिक श्रम पडतात. त्यामुळे धाप आणखी वाढते. ‘तुम्ही काही करू नका, बसून राहा,’ असा मायेपोटी दिलेला सल्ला या दुष्टचक्रास हातभार लावतो. हे चक्र तोडणे हाच उपचाराचा गाभा होय.

डॉक्टरांच्या संमतीने रोज सपाट जागी थोडे चालावे. चालताना छोटे वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. प्रारंभी पाच मिनिटेही पुरेशी आहेत. पुढे हळूहळू वेळ वाढवावा. स्नान पाटावर किंवा स्टुलावर बसून करावे. नेहमीची भांडी कंबरेच्या उंचीवर ठेवावी. जड कामे सकाळ-संध्याकाळ विभागून घ्यावी. हृदयविकार असल्यास लोणचे, पापड व खारवलेली सुकी मासळी वर्ज्य करावी.

धाप लागल्यास घाबरून न जाता खुर्चीवर बसावे, किंचित पुढे वाकून कोपरे गुडघ्यांवर टेकवावी. दोन अंक मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्यावा आणि शीळ घालताना करतात तसा ओठांचा चंबू करून चार अंक मोजेपर्यंत तो सावकाश सोडावा. पायरी चढताना श्वास रोखू नये; पाऊल उचलताना तो सोडावा.

विलंब केव्हा करू नये?

एकाएकी धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, एक वाक्यही पुरे बोलता न येणे किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही आढळल्यास १०८ या क्रमांकावर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढल्यास किंवा उशाशी जास्त उशा लागू लागल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे.

सर्वांचा वाटा

शिक्षकांनी श्वसनाची ही सोपी रीत वर्गात शिकविल्यास नातवंडे ती आजी-आजोबांना शिकवतील. देवळाच्या व बाजाराच्या वाटेवर टप्प्याटप्प्याने बाक बसविणे पंचायतींना अवघड नाही. मध्ये टेकायला जागा आहे एवढा भरवसा मिळाला, तरी अनेक ज्येष्ठ पुन्हा घराबाहेर पडतील. घरच्यांनी मात्र पहिले पाऊल उचलावे : ‘वय झाले’ असे म्हणण्यापूर्वी आजीला एकदा आरोग्य केंद्रात घेऊन जावे.