ओतशाळांचा विकास आणि सामाजिक जबाबदारी

शेतकऱ्याच्या विहिरीवरील पंप, ट्रॅक्टरची गिअरपेटी, मोटारीच्या इंजिनाचा ठोकळा या सर्वांचा जन्म ओतशाळेत होतो. वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतून त्याला हवा तो आकार देणे म्हणजे ओतकाम. ओतीव मालाच्या उत्पादनात जगात चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो. महाराष्ट्रात या उद्योगाचे एक ठळक केंद्र म्हणजे कोल्हापूर होय.

शेतीच्या गरजेतून

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये तत्कालीन औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली आणि तेथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. कोल्हापुरातही उसाचे चरक आणि पाणी उपसणारी तेल इंजिने यांच्या गरजेतून कारागिरांची एक पिढी घडली. शिवाजी उद्यमनगरातून हा व्यवसाय पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील औद्योगिक वसाहतींत पसरला. आज तेथील शेकडो लहानमोठ्या ओतशाळांवर आसपासच्या खेड्यांतील हजारो कुटुंबांची चूल पेटते. म्हणूनच या उद्योगाचे प्रश्न केवळ कारखानदारांचे राहत नाहीत.

भट्टीतील बचत

जुन्या क्यूपोला भट्टीत कच्चे लोखंड, भंगार, कोक आणि चुनखडी यांचे थर रचून खालून हवेचा झोत देतात. कोक पुरता न जळाल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू धुराड्यावाटे बाहेर पडतो आणि त्याबरोबर इंधनाची उष्णताही वाया जाते. हवेचा झोत एकाऐवजी दोन पातळ्यांवरून दिल्यास वरच्या झोताने हा वायू भट्टीतच जळतो, धातू अधिक तापतो आणि कोकची लक्षणीय बचत होते.

अनेक ठिकाणी आता विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आल्या आहेत. त्यांनी ओतशाळेतील धूर कमी झाला हे खरे. तथापि, एक टन लोखंड वितळविण्यास साधारणतः ५५० ते ६५० युनिट वीज लागते, आणि आपली बहुतांश वीज कोळशावरच निर्माण होते. भट्टीचे झाकण उघडे राहणे, वितळलेला धातू ताटकळत ठेवणे, साचा बिघडून माल नाकारला जाणे, या प्रत्येक चुकीची किंमत विजेच्या रूपाने मोजावी लागते. नाकारलेला नग पुन्हा वितळविता येतो, परंतु त्यावर खर्ची पडलेली ऊर्जा परत मिळत नाही. मालाची गुणवत्ता हीच पहिली बचत होय.

वाळूचा प्रवास

साच्यासाठी लागणारी सिलिका वाळू सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कासार्डे परिसरातून येते. तेथे उत्खननाच्या खड्ड्यांचा आणि धुळीचा प्रश्न आहे. वापरून झालेली वाळू ओढ्याकाठी किंवा गायरानात टाकली गेली, तर तिच्यातील राळ व इतर रसायने पावसाच्या पाण्याबरोबर झिरपण्याचा धोका असतो. म्हणजे एकाच वाळूचा भार दोन गावांवर पडतो. वाळू यंत्राने घासून किंवा तापवून शुद्ध केल्यास ती पुन्हा साच्यात वापरता येते. उरलेली तपासणीनंतर विटा, फरशीचे ठोकळे किंवा भराव यांसाठी उपयोगी पडते. पुन्हा वापरलेली प्रत्येक टन वाळू एका गावातील खड्डा आणि दुसऱ्या गावातील ढीग कमी करते.

कामगाराचा श्वास

सर्वांत गंभीर प्रश्न मात्र डोळ्यांना दिसत नाही. साचे फोडताना आणि ओतीव माल घासताना उडणाऱ्या सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांमुळे सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग जडतो. तो बरा होत नाही, परंतु टाळता येतो. या रोगाने क्षयाची शक्यता वाढते. शिवाय लक्षणे सारखी असल्याने खोकणाऱ्या कामगाराला केवळ क्षयरोगी समजून उपचार होतात आणि मूळ कारण दडून राहते. सिलिकामुळे फुप्फुसाचा कर्करोगही होतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये जाहीर केले आहे.

तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवीत नाही. धूळ निर्माण होते तेथेच ती शोषून घेणारी यंत्रणा, वाळू ओलसर ठेवणे, मालाची सफाई बंदिस्त कक्षात करणे, योग्य प्रतीचे मुखपट आणि नियमित तपासणी हे खरे उपाय होत. कंत्राटी कामगारालाही ते तितक्याच कसोशीने मिळाले पाहिजेत, कारण धूळ हजेरीपत्रक पाहत नाही.

दाराआतील जबाबदारी

२०१३ च्या कंपनी अधिनियमाने मोठ्या कंपन्यांवर नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. बहुतेक लहान ओतशाळा त्या कक्षेत येत नाहीत. पण सामाजिक जबाबदारी देणगीपासून सुरू होत नाही. ती कारखान्याच्या दाराआत, कामगाराच्या श्वासापासून सुरू होते. गावातील शाळेला संगणक देणाऱ्या कारखान्याने त्याच शाळेतील मुलांच्या वडिलांना धुळीत ठेवले, तर त्या दानाला अर्थ उरत नाही.

या कामी ग्रामपंचायतीही बरेच काही करू शकतात. वापरलेली वाळू कोठे टाकली जाते यावर ग्रामसभेने लक्ष ठेवावे. दीर्घकाळ खोकणाऱ्या रुग्णास, "आपण काम कोठे करता?" हा साधा प्रश्न आरोग्यसेवकाने अवश्य विचारावा. शिक्षकांनी औद्योगिक परिसरातील विद्यार्थ्यांना धुळीच्या धोक्याची माहिती द्यावी. उद्या त्यांपैकीच काही जण साचे घडविण्यास उभे राहणार आहेत. लोखंड पुन्हा वितळविता येते, वाळू पुन्हा वापरता येते, पण माणसाचे फुप्फुस पुन्हा ओतता येत नाही, याची जाणीव ठेवूनच या उद्योगाने पुढचे पाऊल टाकले पाहिजे.