९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ टक्के नव्हेत

प्रश्न : मुलीला एमएचटी-सीईटीत ९२ पर्सेंटाइल, बारावीला ७८ टक्के. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनीअरिंग मिळेल का?

उत्तर : ९२ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातल्या साधारण ९२ जणांच्या बरोबरीने किंवा पुढे. पण परीक्षेला लाखो मुलं बसतात, त्यामुळे तिच्या पुढेही हजारो आहेत. नामांकित कॉलेजांत ही शाखा मिळणं अवघड. नव्या कॉलेजांत किंवा मेकॅनिकल, सिव्हिलला संधी चांगली. बारावीचे गुण इथे मुख्यतः पात्रतेपुरते. गेल्या वर्षीच्या कट-ऑफ याद्यांत आपला प्रवर्ग आणि मुलींच्या जागांचा रकाना जरूर पाहा; पालक तोच विसरतात! पसंतीक्रम भरताना आवडीचं कॉलेज वरच ठेवा, कट-ऑफच्या भीतीने खाली ढकलू नका. मात्र पहिली पसंती मिळाली की ती जागा पक्की धरली जाते, म्हणून ती खरोखर हवी असलेलीच लिहा.