समुद्रसाप : न दुखणारा दंश

आपल्यापैकी कित्येकजण अलिबाग-रेवदंड्याकडे आपले गाव पाहायला जातात. त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे.

कोकणच्या किनाऱ्यालगत आणि खाड्यांत चोचीसारख्या तोंडाचा विषारी समुद्रसाप आढळतो. त्याची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते. दंश बहुधा जाळ्यातून मासळी काढताना होतो. म्हणून जाळ्यात हात घालू नये. वाळूवर पडलेला साप मेलेला वाटला तरी उचलू नये.

हा दंश सहसा दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. प्रत्येक वेळी विष अंगात उतरतेच असे नाही. पण उतरले तर काही तासांत अंग दुखते, जबडा आखडतो, पापण्या जड होतात, लघवी काळपट होते. आपल्या वयात अंग दुखले की आपण संधिवात म्हणून सोडून देतो. इथे तसे करू नका. हे विष स्नायूंची नासाडी करते, त्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

दंशाची जागा चिरू नये, दोरीने आवळू नये. हात-पाय न हलवता लगेच मोठे रुग्णालय गाठावे. भारतात मिळणारी नेहमीची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या 4 सापांसाठी असते. म्हणून "समुद्रसाप चावला" असे डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगावे.