टेम्पो निघाला, पण कुठे?

सोलापूरच्या गावठाणातलं माळवदाचं घर पाडायला घेतलं की आधी छपरावरची पांढरी माती उतरते. मग तुळया, मग भिंतींचे दगड. आणि मध्येच कुठेतरी, दोन-तीन पिढ्यांनी 'लागेल कधीतरी' म्हणून कोनाड्यांत आणि पोटमाळ्यावर कोंबलेला संसार अंगणात येऊन पडतो. प्रस्तुत लेखकाच्या घरी हा ढीग पडला तेव्हा कंत्राटदाराच्या ओळखीचा एक टेम्पोवाला हजर झाला. "मालक, तुम्ही निस्तं दार उघडा, सगळं साफ करून देतो की!" दर ठरला, हमाल आले, संध्याकाळी अंगण लख्ख झालं.

काही आठवड्यांनी पालिकेचा एक कर्मचारी दारात आला. त्याच्या हातात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, वर ठळक अक्षरांत आडनाव आणि पत्ता. बाकीचा ऐवज नाल्याच्या काठावर होता: फोमची गादी, फुटके सिमेंटचे पत्रे, राडारोडा, ट्यूबलाइटच्या काचा आणि काच फोडून आतली तांब्याची तार काढून घेतलेला टीव्ही. टेम्पोवाल्याचा फोन लागला नाही. कचरा पुन्हा उचलायचा खर्च घरच्यांनीच केला.

अशा वेळी टेम्पोवाल्याला चार शिव्या देऊन मोकळं होणं सोपं असतं. पण ठरलेल्या दराचा हिशेब मांडला तर त्यात डिझेल आणि हमाली एवढंच बसत होतं. माल चढवायचे पैसे दिले गेले. तो कुठे उतरायचा, याबद्दल ना कोणी विचारलं, ना कोणी त्याचे पैसे लावले. म्हणून घर रिकामं करणाऱ्याने दराच्या आधी एकच विचारावं: कुठे उतरवणार? जागेचं, गोदामाचं नाव सांगता आलं नाही, किंवा 'ते आमच्यावर सोडा' असं उत्तर आलं, तर तो माणूस कितीही स्वस्त असला तरी परवडणारा नाही. गाडीचा नंबर टिपून ठेवावा आणि निम्मे पैसे माल उतरल्याचा फोटो किंवा पावती आल्यावर द्यावेत. यात संकोच कसला?

दुसरी गोष्ट म्हणजे 'सगळं एकाच गाडीत' हा सौदा करूच नये. अंगणातल्या ढिगाचा मोठा भाग मुळात कचरा नसतोच. सागवानी तुळया, खांब, चौकटी यांना जुन्या लाकडाच्या बाजारात चांगला भाव मिळतो. शाबूत शहाबादी फरशी पुन्हा बसवता येते. माळवदाची माती आणि दगड भरावाला चालतात, मात्र त्यात प्लास्टिक आणि काच मिसळलेली नसावी. कापसाची गादी पिंजून पुन्हा भरता येते. जुन्या साड्यांच्या वाकळा होतात. चादरी-टॉवेलच्या या गावाला चिंधीची किंमत वेगळी सांगायला नको. यंत्रमागाच्या कारखान्यातला टाकाऊ दोरा गॅरेजमध्ये हात आणि यंत्रं पुसायला जातो, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. रद्दीवाला, भंगारवाला, भांड्यांवर जुने कपडे घेणारी बोहारीण ही माणसं 'रिसायकलिंग' हा शब्द गावात येण्याच्या कितीतरी आधीपासून तेच काम करताहेत. त्यांना आधी बोलवावं. ती घेऊन गेली की टेम्पोत चढवायला फारच थोडं उरतं.

पण जे उरतं, तेच नाल्याकडे जातं, कारण त्याला गिऱ्हाईक नाही. खरी काळजी त्याचीच घ्यायची.

जुन्या डब्यासारख्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं. भंगारात तांबं विकलं जातं, काच उरते. वायरीवरचं प्लास्टिक जाळून तांबं काढण्याची पद्धत तर सर्रास आहे, आणि त्या धुरातून डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं बाहेर पडतात. जुन्या फ्रिजचा पाइप कापला की आतला वायू हवेत जातो. हे जुने वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट तापमानवाढ करणारे. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. विकलेल्या मालाच्या प्रमाणात ई-कचऱ्याची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रांमार्फत लावायची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली. त्यामुळे नवा टीव्ही वा फ्रिज घेताना जुना परत घेण्याबद्दल दुकानदाराशी बोलावं, आणि तो पुढे कोणाकडे जातो हेही विचारावं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय सोलापुरातच आहे. अधिकृत केंद्रांबद्दल तिथे चौकशी करता येते. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं त्या मानाने सोपं आहे. जुनी दिली की नवीवर सूट मिळते, म्हणून ती सहसा रस्त्यावर येत नाही. मात्र ती घरी फोडून आम्ल गटारात ओतणारे महाभाग आहेत.

ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यांत थोडा पारा असतो. त्या न फोडता जुन्या खोक्यात घालून वेगळ्या द्याव्यात. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात, आणि ते फुप्फुसात गेले की कायमचे तिथेच राहतात. पत्रे घणाने फोडून 'जागा कमी लागेल' असं करणं हा सर्वात वाईट मार्ग. पाणी मारून, अखंड उतरवून, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळावेत आणि हलवण्याआधी पालिकेच्या झोन कार्यालयात विचारावं. राडारोड्यासाठीही तेच कार्यालय. 2016 च्या घनकचरा नियमांनीच बांधकामाचा कचरा घरच्या जागेत वेगळा ठेवण्याची आणि तो रस्त्यावर, मोकळ्या जागेत, नाल्यात न टाकण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली. म्हणजे टेम्पोवाला सापडला नाही की लग्नपत्रिकेवरचं आडनाव सापडतं.

मग राहिलेलं थोडं थोडं घंटागाडीत टाकलं तर? अनेक घरांत हेच होतं, आणि त्याचा परिणाम शहराबाहेर दिसतो. तुळजापूर रस्त्यावर भोगावला पालिकेचा कचरा डेपो आहे. सोलापूर बायो-एनर्जी सिस्टिम्सचा कचऱ्यापासून वीज करण्याचा प्रकल्प याच रस्त्यावर; रोज 400 टन कचरा घेण्याची आणि 3 मेगावॉट विजेची त्याची आखणी. इथे कचरा जाळून वीज होत नाही. ओला कचरा बंद टाक्यांत हवेशिवाय कुजवायचा, निघालेल्या बायोगॅसवर इंजिन चालवायचं, अशी ही पद्धत. जिवाणूंना भाजीची देठं आणि उरलेली भाकरी चालते. विटांचा चुरा, माती आणि काच त्यांना पचत नाही. ती टाकीच्या तळाशी साचते आणि पंप, पाती झिजवते. उत्तर कसब्यातल्या बादलीत मिसळलेली मूठभर वाळू अशी थेट तुळजापूर रस्त्यापर्यंत जाऊन यंत्र अडवते. यंत्रणेला नावं ठेवण्यात सोलापूरकर कमी पडत नाहीत, पण ओलं-सुकं वेगळं करायचा कंटाळाही त्यांचाच.

पुण्यात या कामाला वेगळं वळण मिळालं. 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव आणि सहकाऱ्यांनी कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी केली. त्यातून 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था निघाली आणि 2008 मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. घरोघरचा कचरा गोळा करणं हे तिचं मुख्य काम. त्याशिवाय जुने कपडे, फर्निचर, ई-कचरा यांसाठी 'व्ही-कलेक्ट' नावाने ठरावीक दिवशी संकलनही होतं. माणूस ओळखीचा, संस्था ओळखीची आणि माल कुठे जातो ते विचारायला ठिकाण. सोलापुरात सोसायट्यांनी एवढं जरी उचललं, चार-पाच इमारतींनी मिळून वर्षातून दोनदा एक दिवस ठरवला, तर अधिकृत केंद्राची गाडी एका खेपेसाठी बोलावणं परवडू शकतं. एकट्या घराच्या एका टीव्हीसाठी ती कशाला येईल?

प्रस्तुत लेखकाच्या घराचा दुसरा टप्पा याच रीतीने झाला. लाकूड, लोखंड, कपडे, कागद वेगवेगळ्या माणसांनी नेलं आणि वर पैसेही दिले. फोमची एक गादी मात्र कोणीच घेतली नाही, ती अजून जिन्याखाली आहे. वेळ नक्कीच जास्त लागला.

घर काढायचं असेल तर मुहूर्तही बघावा. घटस्थापनेच्या आधी आणि दिवाळीच्या तोंडावर सगळं शहर एकदमच माळे रिकामे करतं. भंगाराची गोदामं भरलेली, टेम्पोवाले घाईत, आणि 'कुठे उतरवणार' याचं उत्तर द्यायला कोणाला सवड नसते. आषाढ सरताना हे काम काढलं तर भंगारवाला निवांत बसून वजन करतो, भावाची घासाघीसही करू देतो.