पैसे संपले तर सांग

दांडिया बाजार, बडोदे

चि. ओंकार,

काल दादाचा चष्मा सापडेना, म्हणून त्याच्या फोनवरचे बँकेचे मेसेज मी वाचले. महिनाअखेरीस तू बर्लिनमध्ये इथल्या कार्डावर परत परत वीस-वीस युरो काढले आहेस. दादा काही बोलला नाही. तो बोलत नाही हे तुला ठाऊक आहे. मला मात्र झोप नाही. जेवतोस ना रे नीट?

रागही आला. बँकेत जन्म घालवलेल्या आत्याच्या भाच्याने हे करावं? मशिनवाला आपलं शुल्क घेतो. जर्मनीत 2011पासून ते आधी पडद्यावर दाखवावंच लागतं, ते वाचत जा. मग आपली बँक परदेशातल्या व्यवहाराचे ठरावीक पैसे कापते, वीस काढ नाहीतर दोनशे. वर चलन बदलण्याची टक्केवारी, आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी. आपल्या बँकेच्या एटीएमवर इथे महिन्याला पाच वेळा फुकट, पुढे फार तर 23 रुपये आणि कर. थोडे थोडे काढायची ती सवय तिथे चालत नाही. मशिनने रुपयांत कापू का विचारलं तर युरोच निवड, रुपयांचा भाव महाग पडतो.

तिथल्या खात्याचं कार्ड तुझ्याच बँकेच्या किंवा तिच्या गटातल्या मशिनवर वापर. व्हिएन्नाला गेलास तरी युरो काढण्याचे तुझी बँक जर्मनीपेक्षा जादा घेऊ शकत नाही, युरोपीय संघाचा तसा नियम आहे. मशिनवाल्याचं शुल्क तेवढं वेगळं.

पण तिथलं खातं असताना इथलं कार्ड का लागलं? व्हिसासाठी काढलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून दरमहा येणारे पैसे महिनाअखेरपर्यंत पुरत नाहीत का? भाडं वाढलं का? का कुणाला उसने दिलेस?

पुण्याच्या वसतिगृहात माझेही पैसे संपायचे. नानांना लिहायला लाज वाटे, मी रात्रीचं जेवण टाळायचे. नाना गेल्यावर त्यांची पितळी डबी उघडली, तर आत माझ्या नावाच्या चिठ्ठीत गुंडाळलेल्या नोटा. मी मागेन म्हणून ठेवलेल्या. मी कधी मागितलेच नाहीत, याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून सांगते, शुल्क गेलं तर गेलं, त्याचा हिशोब पुढे शिकशील. पोटाला चिमटा काढू नकोस. दादाला सांगवत नसेल तर मला फोन कर. रात्री कितीही वाजता कर, मी उचलीन.

तुझी,
आत्या